सौर वादळांचा वेध: कुलाब्यापासून तारापूरपर्यंत

सूर्यावर काय चालले आहे ते सतत पाहणे, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले चढउतार क्षणाक्षणाला मोजणे आणि या दोन्ही नोंदी जुळवून पुढच्या काही तासांचा किंवा दिवसांचा अंदाज बांधणे, या तीन कामांना मिळून ‘अवकाश हवामानाचा वेध’ म्हणतात. ढग, वारा, पाऊस यांच्याशी त्याचा संबंध नाही. सूर्यापासून निघालेली किरणे, वेगवान कण आणि चुंबकीय क्षेत्र बरोबर घेऊन येणारा प्रभारित वायू हे त्याचे विषय. त्यांचा परिणाम वीजवाहिन्या, उपग्रह, स्थाननिश्चिती आणि रेडिओ संपर्क यांवर होतो. पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर या चारही गोष्टींवर अवलंबून असलेली ठिकाणे एकमेकांना खेटून आहेत. तारापूरला अणुवीज केंद्र, बोईसरला औद्योगिक वसाहत आणि अतिउच्च दाबाचे उपकेंद्र, सातपाटी-मुरबे-डहाणूला मासेमारी नौका आणि वाढवणला होऊ घातलेले महाबंदर. या भागाची चुंबकीय नाडी मोजणारी सर्वांत जुनी वेधशाळा मात्र दक्षिणेला सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटरवर, अलिबागला आहे.

सूर्याकडून येणारे तीन प्रवाह

सूर्याच्या पृष्ठभागावरचे काळसर डाग म्हणजे तीव्र चुंबकीय क्षेत्राच्या जागा. त्यांची संख्या साधारण ११ वर्षांच्या चक्राने वाढते आणि घटते. हाइनरिश श्वाबे या जर्मन निरीक्षकाने १८४३ मध्ये हे चक्र मांडले. त्यानंतर १८५२ मध्ये एडवर्ड सॅबिन यांनी दाखवून दिले की, पृथ्वीवरच्या चुंबकसुयांची अस्वस्थताही याच चक्राने कमीजास्त होते. सध्याचे २५ वे सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. ते कमाल टप्प्यावर पोहोचल्याचे ‘नासा’ आणि ‘नोआ’ या अमेरिकी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले.

डागांच्या भागात चुंबकीय रेषा पिळवटून तुटतात आणि नव्याने जोडल्या जातात, तेव्हा प्रचंड ऊर्जा मोकळी होते. तिचे परिणाम पृथ्वीवर तीन वेगवेगळ्या वेळी येतात. पहिली सौरज्वालेची क्ष-किरणे. ती प्रकाशाच्या वेगाने सव्वाआठ मिनिटांत पोहोचतात आणि दिवसाच्या बाजूच्या आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या प्रभारित भागाचा, खालचा थर दाट करून लघुलहरी रेडिओ शोषून टाकतात. दुसरे वेगवान प्रोटॉन. ते काही मिनिटांपासून काही तासांत येतात आणि उपग्रहांना, अंतराळवीरांना व ध्रुवीय मार्गांवरच्या विमानांना जाचतात. तिसरा आणि सर्वांत परिणामकारक प्रवाह म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणातून, करोनातून, उसळलेला अब्जावधी टन प्रभारित वायूचा ढग. शास्त्रज्ञ त्याला ‘सीएमई’ म्हणतात. त्याला पृथ्वी गाठायला साधारण एक ते चार दिवस लागतात.

हा ढग पृथ्वीच्या चुंबकांबरावर, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या कवचावर, आदळतो तेव्हा त्याच्या आतल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा निर्णायक ठरते. ती दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीच्या उत्तराभिमुख क्षेत्राशी तिचा सांधा जुळतो आणि सौर वाऱ्याची ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडे असेल तर तेवढ्याच वेगाचा ढग किरकोळ खळबळ करून निघून जातो. आत शिरलेल्या ऊर्जेने पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवर एक वलयप्रवाह बळावतो. त्याचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या विरुद्ध असल्याने विषुववृत्तालगतच्या भागांत त्या क्षेत्राचा क्षैतिज (आडवा) घटक घसरतो. ही घसरण म्हणजेच भूचुंबकीय वादळ.

कुलाब्याच्या नोंदवह्या

ही घसरण मोजण्याची परंपरा महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ च्या सुमारास मुंबईत कुलाब्याला वेधशाळा उभारली ती खगोल आणि वेळेच्या कामासाठी. तिथे १८४१ मध्ये चुंबकीय मोजमापे सुरू झाली. एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक ऑर्लेबार तेव्हा वेधशाळेचे काम पाहत. त्यांच्या हाताखाली कोवळ्या वयात रुजू झालेल्या साहाय्यकांपैकी एक म्हणजे अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे. पुढे गणिती आणि ज्योतिर्विद म्हणून नावाजलेल्या केरूनानांची वेध घेण्याची उमेदवारी अशी कुलाब्याला झाली.

त्या काळी मोजणी डोळ्यांनी होई. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून आलेल्या चुंबकमापकात एक चुंबक टांगलेला असे. तो किती वळला ते दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचायचे आणि वहीत उतरवायचे. एरवी तासाला एक वाचन, सुई बेचैन झाली की दर पंधरा किंवा पाच मिनिटांनी एक.

या शिस्तीचे मोल १८५९ मध्ये ठरले. त्या वर्षी १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन आणि रिचर्ड हॉजसन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सूर्यावर पांढऱ्या प्रकाशाचा झोत पाहिला. मुंबईत तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. सुमारे साडेसतरा तासांनी, २ सप्टेंबरच्या सकाळी, कुलाब्याच्या सुया भरकटल्या आणि क्षैतिज घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आला. या भागातल्या एकूण क्षैतिज क्षेत्राच्या तो चार टक्क्यांहून थोडा अधिक भरतो. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे ठप्प झाली. अनेक वेधशाळांत तर मोजपट्टीच संपली. वादळाच्या ऐन भराची, कमी अक्षांशावरची जवळजवळ एकमेव सलग नोंद कुलाब्यात राहिली.

त्या वहीकडे जगाचे लक्ष जायला १४४ वर्षे लागली. ब्रूस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासह भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी २००३ मध्ये या आकड्यांच्या आधारे वादळाची तीव्रता उणे १,७६० नॅनोटेस्ला असावी असे मांडले. इतर अभ्यासकांनी तासाची सरासरी धरून हा आकडा बराच खाली, हजाराच्या आसपास किंवा त्याहून कमी आणला. कुलाब्यातली घसरण सगळीच वलयप्रवाहाची होती की तिच्यात आयनांबरातल्या प्रवाहांचाही वाटा होता, यावर वाद आहे. सर्वांत वाईट वादळ किती मोठे असू शकते, या प्रश्नाचे उत्तर शोधणारे मात्र आजही याच वहीकडे येतात.

दुसरी मोठी नोंद ४ फेब्रुवारी १८७२ ची. त्या रात्री मुंबईत ध्रुवीय प्रकाश दिसल्याचे आणि तारायंत्राच्या वाहिन्यांत, समुद्राखालच्या केबलसकट, व्यत्यय आल्याचे वृत्त आहे. चुंबकीय विषुववृत्तापासून इतक्या जवळ हा प्रकाश दिसल्याच्या नोंदी जगात फार थोड्या आहेत. कुलाब्याच्या चुंबकीय नोंदीही त्या रात्री मोठे वादळ होते हेच सांगतात. त्यामुळे ‘असली संकटे कॅनडा-स्वीडनची, कोकणाला त्यांचे काय’ हा समज इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही.

ट्रामने हलवलेली वेधशाळा

विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामच्या रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह नाजूक मोजणीत मिसळणार होता. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांच्या काळात अलिबागची जागा मुक्रर झाली. बांधकामात लोखंड टाळून चुंबकाला न जुमानणारा दगड, पितळ आणि तांबे वापरले गेले. काम १९०४ मध्ये सुरू झाले. नव्या-जुन्या आकड्यांचा सांधा अचूक जुळावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर मोजणी चालली आणि मगच कुलाब्याची चुंबकीय मोजणी थांबली. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदी १९१० मध्ये दोन खंडांत छापून काढल्या.

अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेची आहे. संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली आणि तिचे मुख्यालय नवीन पनवेलला आहे. नागपूर, जयपूर, राजकोट, विशाखापट्टणम, तिरुनेलवेली, सिल्चर अशा ठिकाणीही तिच्या वेधशाळा आहेत. टांगलेल्या चुंबकाची जागा आता फ्लक्सगेट चुंबकमापकाने घेतली आहे. त्यातल्या मऊ चुंबकीय गाभ्यावर गुंडाळलेल्या तारांत क्षेत्रातला बारीकसा बदलही संकेत उमटवतो. एकूण क्षेत्र प्रोटॉन चुंबकमापकाने मोजतात. दिशा मोजायला मात्र आजही प्रशिक्षित निरीक्षकाला विशेष थिओडोलाइटवर डोळा लावावा लागतो, कारण आपोआप चालणारी यंत्रे हळूहळू सरकतात आणि त्यांना मधूनमधून ताळ्यावर आणावे लागते.

अशा आकड्यांतून निर्देशांक तयार होतात. के निर्देशांक तीन तासांतली खळबळ ० ते ९ या श्रेणीत सांगतो. त्याची जागतिक आवृत्ती, केपी, १३ वेधशाळांवरून काढतात आणि जी-१ ते जी-५ ही वादळांची प्रतवारी तिच्यावर बेतलेली आहे. या तेराही वेधशाळा मध्यम ते उच्च चुंबकीय अक्षांशांवरच्या आहेत, भारतातली एकही नाही. वलयप्रवाहाची तीव्रता सांगणारा डीएसटी निर्देशांक जपान, हवाई, दक्षिण आफ्रिका आणि पोर्तो रिको इथल्या चार केंद्रांवर उभा आहे. त्यांच्यातही भारतीय रेखांश रिकामेच राहतात. सातपाटीच्या मच्छिमाराला डहाणू बंदरावरचा तीन नंबरचा बावटा लगेच उमगतो, कारण तो त्याच्या दर्यासाठी लावलेला असतो. केपीचा आकडा साऱ्या पृथ्वीसाठी एकच बावटा लावतो. पालघरपुरते काय घडते आहे हे त्यातून कळत नाही. ते अलिबागच्या वक्ररेषेवरच वाचावे लागते.

अवकाशातली चौकी

अंदाजाची सुरुवात सूर्याच्या चित्रांपासून होते. तमिळनाडूतील कोडईकनाल वेधशाळेकडे विसाव्या शतकाच्या आरंभापासूनची सूर्याची रोजची छायाचित्रे आहेत. राजस्थानात उदयपूरची सौर वेधशाळा तलावातल्या बेटावरून सूर्य पाहते. पण करोनातून निघालेल्या ढगाचा वेग आणि दिशा जमिनीवरून नीट कळत नाही. त्यासाठी सूर्यबिंब चकतीने झाकून भोवतालचा करोना टिपणारी दुर्बीण अवकाशात लागते. सोहो यान १९९५ पासून हे काम करत आले आहे.

भारताचे आदित्य-एल१ श्रीहरिकोट्याहून २ सप्टेंबर २०२३ रोजी, कॅरिंग्टन वादळाच्याच तारखेला, निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या पहिल्या लग्रांज बिंदूभोवतीच्या (एल१) कक्षेत स्थिरावले. त्याच्यावर सात उपकरणे आहेत. सूर्याची अतिनील प्रतिमा घेणारी ‘सूट’ दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेत घडली. तिचे काम दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली झाले. करोना पाहणारे व्हीईएलसी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे आहे. सौर वाऱ्यातले कण आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र जागेवरच मोजणारी उपकरणेही यानावर आहेत.

या शेवटच्या उपकरणांचे महत्त्व अंदाजाच्या मुख्य अडचणीशी निगडित आहे. ढग सूर्यावरून निघाल्याचे दिसते, तो केव्हा पोहोचेल हे काही तासांच्या फरकाने सांगता येते, पण त्याच्या पोटातले क्षेत्र दक्षिणेकडे आहे की उत्तरेकडे, हे दुरून कळत नाही. ते एल१ बिंदूवरून ढग जाताना प्रथम मोजले जाते. तिथून पृथ्वीपर्यंत ४०० किलोमीटर प्रतिसेकंद वेगाच्या सौर वाऱ्याला तासभर लागतो, ८०० च्या वेगाला जेमतेम अर्धा तास. म्हणजे ‘वादळ येईल’ ही सूचना एक-दोन दिवस आधी मिळते, तर ‘किती मोठे’ याची खात्रीची सूचना अर्ध्या-पाऊण तासापूर्वी.

तारापूर आणि वीजवाहिन्या

पालघर चुंबकीय विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १,३०० किलोमीटरवर येते. ध्रुवीय प्रदेशात वादळाच्या वेळी वाहणारे प्रचंड प्रवाह इथून लांब आहेत. भारताच्या दक्षिण टोकावरून दिवसा वाहणाऱ्या विषुववृत्तीय विद्युतझोताचा अरुंद पट्टाही इथवर येत नाही. म्हणून इथे धोका कमी आहे, पण तो शून्य नाही.

चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलले की जमिनीत विद्युतक्षेत्र निर्माण होते. लांब वीजवाहिनीची दोन्ही टोके रोहित्रांच्या न्यूट्रलमधून जमिनीला जोडलेली असतात, त्यामुळे जमीन आणि वाहिनी मिळून एक वळसा पुरा होतो आणि त्यातून जवळजवळ एकदिश प्रवाह वाहतो. उदाहरणादाखल, १०० किलोमीटरच्या वाहिनीवर दर किलोमीटरला एक व्होल्ट क्षेत्र असेल तर शंभर व्होल्ट मिळतात. वळशाचा रोध काही ओहमच असल्याने प्रवाह दहा-वीस अँपिअरच्या घरात जातो. एवढ्याशा प्रवाहानेही रोहित्राचा गाभा प्रत्येक आवर्तनाच्या एका अर्ध्यात संपृक्त होतो. गाभ्याबाहेर सांडलेल्या चुंबकीय प्रवाहाने टाकीतले भाग तापतात, विजेच्या लहरीत विकृती येते, ग्रिडचे व्होल्टेज ढासळते आणि संरक्षक रिले चुकीच्या वेळी वाहिन्या तोडतात. समुद्रकिनारी परिणाम वाढू शकतो, कारण खारे पाणी उत्तम वाहक आणि शेजारचा खडक त्या मानाने मंद. या सीमेवर विद्युतक्षेत्र साचते. पश्चिमेला अरबी समुद्र आणि पायाखाली बेसाल्ट ही पालघरची जमीन नेमकी अशीच आहे.

तारापूरची पहिली दोन एकके १९६९ मध्ये सुरू झाली. त्यांची क्षमता आज प्रत्येकी १६० मेगावॉट धरली जाते. तिसरे आणि चौथे एकक प्रत्येकी ५४० मेगावॉटचे, ते २००५-०६ मध्ये आले. ही वीज बोईसर आणि पडघ्याच्या दिशेने जाणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्यांवर चढते. अशा केंद्रातला नाजूक दुवा म्हणजे निर्मितीचा दाब वाढवणारे मोठे रोहित्र. अमेरिकेत न्यू जर्सीच्या सेलम अणुवीज केंद्रातले असेच रोहित्र १३ मार्च १९८९ च्या वादळात तापून निकामी झाले. त्याच वादळात कॅनडातल्या क्वेबेकचे ग्रिड दीड मिनिटात कोसळले आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३ च्या वादळांनंतर दक्षिण आफ्रिकेतल्या रोहित्रांत बिघाड आढळले. ध्रुवापासून लांब असलेल्या देशांनी या प्रश्नाकडे गंभीरपणे पाहायला सुरुवात केली ती त्यानंतर.

सौर वादळाने अणुभट्टीवर थेट परिणाम होत नाही. प्रश्न बाहेरच्या विजेचा आहे. भट्टी बंद झाल्यावरही इंधनातली उष्णता काढत राहावी लागते. पंपांना ग्रिडची वीज मिळाली नाही तर डिझेल जनित्रे लागतात. ग्रिड दीर्घकाळ बंद राहण्याची शक्यता हा अणुवीज केंद्राच्या सुरक्षेच्या हिशेबाचा भागच असतो. सौर वादळ हे तसे घडण्याच्या कारणांपैकी एक आहे.

दर्यावरची दिशा

मासेमारी नौकांच्या बाबतीत परिणाम आकाशमार्गे येतो. उपग्रहाचा संकेत आयनांबरातून येताना रेंगाळतो आणि त्या विलंबाइतकी स्थाननिश्चिती चुकते. त्याहून त्रासदायक म्हणजे संकेतांचे लुकलुकणे. सूर्यास्तानंतर विषुववृत्ताजवळच्या आयनांबरात विरळ प्लाझ्माचे बुडबुडे उठतात आणि उत्तरेकडे पसरतात. त्यांच्या कडांमधून येणारा संकेत थरथरतो, कधी तुटतो. ही घटना संध्याकाळनंतर मध्यरात्रीपर्यंत, संपाताच्या आसपासच्या महिन्यांत आणि सौरचक्राच्या कमाल काळात जास्त होते. मासेमारी बंदीचा काळ संपून नारळी पौर्णिमेनंतर बोटी दर्यात जातात, तेव्हाचे सप्टेंबर-ऑक्टोबर हे संपाताचेच महिने. पृथ्वीच्या अक्षाचा कल सौर क्षेत्राशी सोयीच्या कोनात येत असल्याने भूचुंबकीय वादळेही याच दिवसांत अधिक असतात.

वादळ आणि लुकलुक यांचे नाते मात्र सरळ नाही. वादळाचा भर पालघरच्या संध्याकाळी आला तर आत घुसलेले विद्युतक्षेत्र बुडबुड्यांना उचलून धरते. तोच भर दुसऱ्या प्रहरी आला तर पुढच्या रात्री बुडबुडे दबून जाऊ शकतात. म्हणून स्थानिक वेळेचा हिशेब नसलेला जागतिक इशारा इथे अपुरा पडतो. विमानांसाठीची ‘गगन’ प्रणाली देशभरातल्या संदर्भ केंद्रांवरून आयनांबराची दुरुस्ती काढते ती याच कारणाने. ‘नाविक’ उपग्रह दोन वेगवेगळ्या कंप्रतांवर संकेत देतात. त्यांची तुलना करून विलंब काढता येतो, लुकलुक मात्र टाळता येत नाही.

पालघरमध्ये ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराच्या पायाभरणीसोबत पंतप्रधानांच्या हस्ते नौकांच्या उपग्रह-संपर्क योजनेचा देशव्यापी आरंभ झाला. एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याची ही योजना आहे. हवामानाचे इशारे आणि संकटकाळची हाक या यंत्रावरून जाणार असल्याने आयनांबराची स्थिती हा आता सातपाटी, मुरबे, डहाणूच्या तांडेलांच्याही कामाचा विषय झाला आहे. नौकानौकांतला व्हीएचएफ संपर्क दृष्टिरेषेतला असल्याने वादळाला सहसा दाद देत नाही. अरबी समुद्रावरून जाणाऱ्या विमानांचा लघुलहरी संपर्क मात्र दिवसा मोठी सौरज्वाला उसळली की खंडित होऊ शकतो.

मे २०२४ ची परीक्षा

सौरडागांच्या १३६६४ क्रमांकाच्या समूहातून लागोपाठ सुटलेले अनेक ढग १० मे २०२४ रोजी पृथ्वीवर धडकले. ‘नोआ’च्या अवकाश हवामान केंद्राने तीव्र वादळाचा इशारा आधीच दिला होता. प्रत्यक्षात ते जी-५ वर गेले. ही पायरी ऑक्टोबर २००३ नंतर प्रथमच गाठली गेली. डीएसटी निर्देशांक उणे ४०० नॅनोटेस्लांपर्यंत घसरला. लडाखमधल्या हान्ले इथून क्षितिजावर लाल प्रकाश टिपला गेला. अमेरिकेत स्थाननिश्चितीवर चालणारे ट्रॅक्टर पेरणीच्या ऐन हंगामात थांबले. भारतात मोठे व्यत्यय नोंदले गेले नाहीत. इस्रोने त्याची दोन कारणे सांगितली: देशाचे कमी अक्षांश, आणि वादळाचा मुख्य तडाखा ११ मेच्या पहाटे बसला तेव्हा इथले आयनांबर पुरते विकसित झालेले नव्हते. दुसरे कारण केवळ योगायोगाचे. तोच तडाखा बारा-चौदा तास उशिरा बसता तर भारतीय आकाशातले चित्र वेगळे दिसले असते.

अंदाज हाती आल्यावर करण्यासारखे बरेच असते. ग्रिड चालवणाऱ्यांना देखभालीसाठी बंद ठेवलेल्या वाहिन्या परत जोडता येतात, रोहित्रांवरचा भार उतरवता येतो, राखीव क्षमता तयार ठेवता येते. रोहित्राच्या न्यूट्रलमधला एकदिश प्रवाह मोजणारे संवेदक बसवले, तर प्रत्येक लहान वादळ पुढच्या मोठ्या वादळाची चाचणी ठरते. नौकांना होकायंत्र आणि किनाऱ्याच्या खुणांवर भिस्त ठेवण्याची सूचना देता येते. उपग्रहांना कक्षा सांभाळायला अवधी मिळतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका साध्याच वादळाने वरचे वातावरण फुगले आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी चाळीसच्या आसपास उपग्रह खाली आले.

हे सारे स्थानिक पातळीवर उपयोगी पडायचे तर तीन आकडे एकत्र लागतात: एल१ वरून आलेली क्षेत्राची दिशा, अलिबागच्या क्षैतिज घटकाचा मिनिटागणिक बदलण्याचा वेग आणि तारापूर-बोईसरखालच्या खडकाची विद्युतवाहकता. पहिला आकडा आदित्यमुळे देशाच्या स्वतःच्या हाती आला आहे. दुसऱ्यामागे कुलाब्यापासूनची १८४१ ते आजची परंपरा आहे. या दोन्हींत तिसरा घातला की केपीच्या जागतिक आकड्यावरून पालघरच्या एखाद्या ठरावीक रोहित्रात किती अँपिअर वाहतील, या प्रश्नापर्यंत पोहोचता येते. वीज केंद्राला उपयोगी पडणारा अंदाज तोच.